अन्नमंत्र्यांचा वन्स मोअर

काकांसमोर सबब सांगायची सोय नव्हती. इथे बहरीनमध्ये नाटकाच्या तालमीला उशीर झाला आणि तुम्ही "माहूजच्या सिग्नलला केवढी रांग होती हो" असं म्हणालात, तर ते चिडत नसत की घड्याळ दाखवत नसत. अत्यंत नम्रपणे म्हणत, "पुन्हा म्हणून पाहा बरं." बस, एवढंच. दुसऱ्यांदा तेच वाक्य म्हणताना आपला आवाज आपल्यालाच परका वाटायला लागायचा. रांग खरोखरच असली तर वाक्य तग धरायचं. बहुतेक वेळा घरून निघायलाच उशीर झालेला असायचा आणि वाक्य सिग्नलपर्यंत येऊन बसकण मारायचं.

अदलियातल्या माझ्या ऑफिसात मी हा प्रयोग मॅनेजरवर करून पाहिला. त्यांनी तीच थाप लागोपाठ तीनदा, उत्तरोत्तर जास्त आत्मविश्वासाने मारली. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "काही लोकांना स्वतःचं बोलणं ऐकूच येत नाही ना बाप्पा. त्यांना माफ."

काका मूळचे अकोल्याचे. बहरीनमध्ये आमच्या कितीतरी आधी आलेले. सलमाबादला एसीचे डक्ट बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होते आणि माहूजला आमच्या मागच्याच इमारतीत एकटे राहायचे. बायको अकोल्याला शाळेत मुख्याध्यापिका, त्यामुळे ती सुट्टीपुरती यायची. या गृहस्थांची एक खोड म्हणजे ते जगात कुणालाही 'तू' म्हणत नसत. माझ्या सहा वर्षांच्या मुलीला "तुम्ही जेवल्या काय?" असं विचारायचे आणि ती खिदळत "येस अंकल" म्हणायची. इमारतीखालच्या मांजरालाही "सरका जरा" म्हणताना मी त्यांना ऐकलंय. सुरुवातीला आम्हाला ती वऱ्हाडी अदब वाटली. पुढे अकोल्याचीच एक बाई भेटली, ती म्हणाली, छे, आमच्याकडे मांजराला कोण अहोजाहो करतंय.

दुसरी खोड म्हणजे मंत्री. अदलियातलं एक इंग्रज कुटुंब मायदेशी परत निघालं होतं आणि त्यांनी घरातलं सामान अंगणात विकायला मांडलं होतं. काका तिथून एक इस्त्री आणि युरोपच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक घेऊन आले. इस्त्री पहिल्याच दिवशी बंद पडली. पुस्तकात मात्र दीड पानात त्यांना तो माणूस सापडला, दुसऱ्या महायुद्धात शत्रूने ताब्यात घेतलेल्या एका चिमुकल्या देशाचा अन्नमंत्री. देश कुठला हे काकांनी नाटकात कधी येऊ दिलं नाही. म्हणायचे, नाव सांगितलं की लोक सुटकेचा श्वास सोडतात, ते तिकडचं होतं म्हणतात.

त्या दीड पानावर काकांनी आख्खं आयुष्य उभं केलं होतं. मंत्र्याचा बाप धान्याचा व्यापारी. मुलगा हुशार, हिशेबी, पण मनाने मऊ. शत्रूच्या फौजा शिरल्या तेव्हा पंतप्रधान बोटीत बसून पळाले, राजा आजारी पडला, आणि हा एकटा ऑफिसात जाऊन नेहमीच्या खुर्चीवर बसला. शहराला पाव मिळाला पाहिजे, म्हणाला. शत्रूनेही त्याला राहू दिलं, कारण उपाशी शहर सांभाळायला त्यांनाही अवघडच होतं. आधी त्यांनी गव्हाचा वाटा मागितला, तो याने दिला. मग रेल्वेचे डबे मागितले, तेही दिले. मग एक दिवस माणसांची नावं मागितली. युद्ध संपल्यावर त्याच्याच लोकांनी त्याला पकडून खटला भरला.

काका हे सगळं शेजारच्या ब्लॉकमधल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचे. "मंत्र्यांना सर्दी लवकर व्हायची" किंवा "मंत्री पावाचा कडक भाग काढून ठेवायचे" अशी माहिती ते चहा ओतता ओतता पुरवायचे. हे पुस्तकात आहे का, असं विचारलं तर म्हणायचे, नाही, पण असेल. त्यांनी कुठूनतरी जाड काळा लोकरीचा कोट मिळवला होता आणि मंत्र्याची सवय व्हावी म्हणून तो घालून ते संध्याकाळी माहूजच्या गल्ल्यांतून फिरायचे. बहरीनच्या उन्हाळ्यात लोकरीचा कोट. बेकरीवाला त्यांना बघून आधी हसायचा, मग काळजीने पाणी द्यायचा. ते खुबूस, म्हणजे इथला चपटा पाव, घ्यायचे, हातावर तोलायचे, अर्धा फाडून ठेवायचे आणि उरलेल्या अर्ध्यावर दिवस काढता येतो का ते स्वतःवर करून पाहायचे. दुपारी तीनच्या पुढे त्यांना कधी जमलं नाही. "तरी मंत्र्यांनी शहर चार वर्षं जगवलं बरं," असं मात्र ते आदराने सांगायचे.

हो, आदराने. नाटकाचं कोडं तेच होतं. काकांना मंत्री आवडायचा. आणि तरी त्याला ते सुटू द्यायला तयार नव्हते.

नाटक त्यांनी लिहिलं, बसवलं, मुख्य भूमिका स्वतःकडे ठेवली. इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात ते करायचं म्हणून दोन वर्षं अध्यक्षांच्या मागे लागले. आमचे अध्यक्ष बँकेत मोठ्या हुद्द्यावर, स्वभावाने प्रेमळ, पण लोक हसत घरी गेले पाहिजेत या मताचे. त्यांनी आधी एखादा विनोदी फार्स सुचवला. मग मंत्र्याला आतून देशभक्त करा, रात्री तो गुपचूप बंडखोरांना पाव पोचवतो असं दाखवा, असं सुचवलं. काका म्हणाले, "साहेब, पुन्हा म्हणून पाहा बरं." अध्यक्षांनी पुन्हा म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी काकांची निवृत्ती ठरली, व्हिसा संपायची तारीख आली, तेव्हा अध्यक्षांचं मन द्रवलं. यंदा तुमचंच नाटक, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. काकांना हे नाटक एकदा, फक्त एकदा, लोकांसमोर पुरं करून मग विमानात बसायचं होतं.

मी प्रॉम्प्टर. अभिनय मला येत नाही, पण अक्षर लागतं आणि आवाज बारीक आहे, एवढ्या भांडवलावर मंडळात मला हे पद कायमचं मिळालेलं. त्यामुळे त्या नाटकाचा शब्द न् शब्द माझ्या डोळ्यांखालून गेलाय. शेवट असा होता. मंत्र्याला कोर्टात आणतात. तो आपलं म्हणणं मांडतो, लांबलचक, अप्रतिम. न्यायाधीश ते ऐकून घेतो आणि एकच वाक्य बोलतो, "पुन्हा म्हणा." मंत्री पुन्हा म्हणायला लागतो आणि शेवटचं वाक्य त्याला म्हणता येत नाही. पडदा. न्यायाधीशाचं काम एका प्लांटमधले शिफ्ट इंजिनिअर करत होते. एवढ्या एका वाक्यासाठी ते दोन महिने तालमीला येत होते आणि ते वाक्य नाना तऱ्हांनी म्हणून दाखवत होते.

अडचण अशी की मंत्र्याचं भाषण फारच सुरेख उतरलं होतं. तालमीत ते झालं की आम्ही सगळे मंत्र्याच्या बाजूचे व्हायचो. मी एकदा म्हटलंही, काका, खरं सांगू, मला तर त्याचं पटतं. ते म्हणाले, "मलाही पटते. म्हणून तर पुढचा प्रवेश पाहिजे ना."

नेपथ्यासाठी खुर्ची आणि कठडा त्यांनी वर्कशॉपमध्येच बनवून घेतला होता. ते सामान आणायला मी त्यांच्याबरोबर सलमाबादला गेले होते. भर दुपार, दोन्ही बाजूंना गोदामं आणि कामगारांच्या राहायच्या इमारती. एका इमारतीपाशी त्यांनी गाडी हळू केली आणि तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी दाखवली. मी इथं राहायचो, म्हणाले. मग गाडी न थांबवता, समोर बघत, त्यांनी मला सगळं सांगितलं.

त्या खोलीत त्यांच्याबरोबर खामगावचा एक फोरमन राहायचा. दोघं एकाच वर्षी आलेले, एकाच कुकरमध्ये भात लावणारे. जगात तेवढ्या एका माणसाला काका 'तू' म्हणायचे. एका उन्हाळ्यात इमारतीतले एसी बंद पडले आणि दुरुस्तीचं कुणी नाव काढेना. एसीचेच डक्ट बनवणारी माणसं रात्री गच्चीवर ओल्या चादरी घेऊन झोपत होती. या फोरमनने सगळ्यांना एकत्र करून एक दिवस काम बंद पाडलं. कंपनीने काकांना बोलावून विचारलं, हे कोणाच्या डोक्यातून निघालं? नाव सांगा, नाहीतर पूर्ण मजला घरी पाठवतो.

काकांनी नाव सांगितलं.

"तो बॅग भरत होता," ते म्हणाले. "मी त्याला समजावून सांगितलं. म्हटलं, मी सांगितलं नसतं तर दुसऱ्या कोणी सांगितलं असतं. आणि त्या दुसऱ्यानं पाच-पन्नास नावं घेतली असती. तो शर्टाची घडी करून राहिला होता. वर न पाहता म्हणाला, पुन्हा म्हण."

"मग?"

"मी भाताचा कुकर घासायला घेतला."

सामान घेऊन आम्ही माहूजला आलो. मला त्यांचा राग आला होता, आणि कणवही आली होती. त्यांना आल्यागेल्याला "पुन्हा म्हणून पाहा" का म्हणावंसं वाटतं, मांजराला अहोजाहो का करावीशी वाटते, ते सगळं मला त्या एका रस्त्यात कळलं. आणि न्यायाधीशाच्या त्या एका वाक्याशिवाय हे नाटक त्यांच्या काय कामाचं, तेही कळलं.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. शुक्रवारची सुट्टी, शाळेचा भाड्याने घेतलेला हॉल, बाहेर बटाटेवड्यांचा घमघमाट. मंडळाचा कार्यक्रम म्हणजे काय असतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. आधी दीपप्रज्वलन. मग चिमुकल्यांचे नाच, आणि कुणा आईचा व्हिडिओ नीट आला नाही म्हणून एक नाच दुसऱ्यांदा. मग सत्कार. शाल, नारळ, शाल, नारळ. सत्कारमूर्तींची मनोगतं. माजी अध्यक्षांचं 'दोनच शब्द'. नाटकाची तिसरी घंटा झाली तेव्हा दीड तास उशीर झाला होता आणि हॉलचा व्यवस्थापक किल्ल्यांचा जुडगा वाजवत विंगेत येऊन "यल्ला, यल्ला", चला, आवरा, करत होता.

नाटक मात्र रंगलं. पहिल्या अंकातच वडे खाणारे हात थांबले. काका त्या कोटात वेगळेच दिसत होते, उंच आणि थकलेले. शेवटच्या प्रवेशाला थोडा अवकाश असताना अध्यक्ष घामाघूम होऊन विंगेत आले. हॉल पाच मिनिटांत रिकामा करावा लागणार होता. ते म्हणाले, भाषण झालं की पडदा. तसंही ते एवढं सुंदर आहे, लोक खूश होऊन जातील. न्यायाधीशाचा प्रवेश राहू द्या.

न्यायाधीश काळा डगला घालून तयार बसले होते. त्यांनी कळवळून अध्यक्षांकडे बघितलं. काकांचा मेकअपखालचा चेहरा उतरला.

"म्हणजे तो सुटला," ते म्हणाले.

"अहो, नाटक आहे ते," अध्यक्ष म्हणाले आणि कुणी आगाऊपणा करू नये म्हणून पडद्याची दोरी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली.

काका स्टेजवर गेले. कठड्याला हात टेकून उभे राहिले आणि त्यांनी भाषण सुरू केलं.

"पंतप्रधान बोटीत बसून गेले, त्यांना तुम्ही देशभक्त म्हणता. मी राहिलो. सकाळी बेकरीसमोर उभ्या असलेल्या बाईला पाव कोण देणार होतं, बोट? हो, मी त्यांच्याशी हात मिळवला. त्याच हाताने तुमच्या लेकरांना घास दिला. त्यांनी नावं मागितली. मी थोडी दिली, म्हणून त्यांनी पुष्कळ नेली नाहीत. मी नसतो तर या खुर्चीत दुसरा कुणी असता. आणि तो माझ्यापेक्षा वाईट असता."

काय आवाज लागला होता. शेवटच्या वाक्याला आख्ख्या हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला. लोक शिट्ट्या वाजवत होते. काका तिथेच उभे होते आणि विंगेतून मला त्यांचे डोळे दिसत होते. इतका हरलेला माणूस मी कधी टाळ्या घेताना पाहिला नाही. अध्यक्षांनी दोरी सैल केली. पडदा हलला.

आणि तेवढ्यात चौथ्या रांगेतून आवाज आला, "वन्स मोअर!"

आवाज मी ओळखला. माझाच नवरा. माणूस मिरजेचा, लहानपणापासून गाण्याच्या नाटकांना जाऊन वाढलेला. आवडलं की वन्स मोअर, हे त्याच्या रक्तात. वन्स मोअर पदाला देतात, गद्य भाषणाला देत नाहीत, एवढा पोच एरवी त्यालाही आहे. पण त्या दिवशी तो भारावला होता. त्याचं ऐकून मागच्या रांगेतले दोघे ओरडले, आणि बघता बघता सगळा हॉल "वन्स मोअर, वन्स मोअर" करून टाळ्यांचा ठेका धरायला लागला. मी लाजेने अर्धमेली झाले.

अध्यक्ष दोरी धरून थिजले. मायबाप प्रेक्षकांनी वन्स मोअर दिल्यावर पडदा पाडायची छाती कुठल्या मंडळाच्या अध्यक्षाला होईल? तेही मंडळाची निवडणूक तोंडावर असताना. त्यांनी दोरी पुन्हा ओढून धरली.

काकांनी मान वर केली. समोरचा काळोख ते कितीतरी वेळ पाहत राहिले. त्या काळोखातून साडेतीनशे माणसं त्यांना एकच गोष्ट सांगत होती. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, ते मी पाहिलं.

त्यांनी भाषण पुन्हा सुरू केलं. माझ्या हातात संहिता होती, मी बोट ठेवून बघत होते, एक शब्द बदलला नाही. पण आवाज चढवला नाही. समोरच्या एका माणसाला, तो बॅग भरत असताना, सांगावं तसं ते बोलत होते. पंतप्रधान बोटीत बसून गेले. मी राहिलो. पहिल्यांदा ज्या वाक्यांनी हॉल भारावला होता, त्यांना आता कुणी हललंसुद्धा नाही. "मी थोडी दिली" या वाक्यावर ते थांबले. मग ते अगदी हळू म्हणाले, "मी नसतो तर या खुर्चीत दुसरा कुणी असता."

आणि पुढे काही नाही.

प्रॉम्प्टरचा धर्म मला ठाऊक. मी कुजबुजले, आणि तो माझ्यापेक्षा वाईट असता. त्यांनी घेतलं नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मी जरा मोठ्याने म्हटलं. हॉल इतका शांत होता की माझं कुजबुजणं शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. सगळ्यांनी ते वाक्य ऐकलं. काकांनी विंगेकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. मग कोटाची बटणं काढली, कोट उतरवला, खुर्चीच्या पाठीवर नीट अडकवला आणि ते चालत स्टेजवरून निघून गेले.

रिकामी खुर्ची, तिच्यावर कोट, आणि चूपचाप बसलेला हॉल. पडदा पाडायचं अध्यक्षांच्या लक्षातच राहिलं नाही. व्यवस्थापकाच्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या होत्या. मराठीचा एक शब्द कळत नसलेला तो माणूस खुर्चीकडे बघत उभा होता. मग पुढच्या रांगेतून कुणीतरी उठलं, मग आणखी कुणी, आणि मग सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. या टाळ्यांचा आवाज वेगळा होता. मी विंगेत संहिता छातीशी धरून ढसाढसा रडले. मला इतका आनंद झाला होता की तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

काका मागच्या खोलीत गंजिफ्राकावर बसून थंड झालेला वडा खात होते. दहा वर्षांनी तरुण दिसत होते. अध्यक्ष आत आले, त्यांनी काकांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "माझं चुकलं."

"पुन्हा म्हणून पाहा बरं," काका म्हणाले.

"माझं चुकलं," अध्यक्षांनी खणखणीत आवाजात पुन्हा सांगितलं, आणि आम्ही सगळे हसलो. फक्त न्यायाधीश कोपऱ्यात डगल्यात बसून होते. दोन महिने पाठ केलेलं वाक्य माझ्या नवऱ्याने फुकटात म्हणून टाकलं, याचा राग त्यांच्या मनात अजून आहे.

महिन्याभरात काका गेले. विमानतळावर माझ्या मुलीला "अभ्यास करत राहा तुम्ही" म्हणाले. कोट त्यांनी मंडळाच्या पेटीत ठेवून दिला. मग पावसाळाभर त्यांचा पत्ता नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळचे नमस्कारसुद्धा नाहीत.

एका शनिवारी दुपारी फोन आला.

"खामगावहून बोलून राहिलो," काका म्हणाले. "त्याच्या घरून."

मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. सकाळच्या एसटीने ते आले होते. दार त्यानेच उघडलं. केस पांढरे झालेत, बाकी तसाच आहे, म्हणाले. दारातच उभं राहून त्यांनी त्याला सांगितलं.

"काय सांगितलं, काका?"

"तुझं नाव मी सांगितलं होतं. एवढंच. पुढचं मागचं काही जोडलं नाही."

"मग?"

"आधी चष्मा पुसला त्यानं. मग म्हणाला, पुन्हा म्हण."

 "मग काका?"

"म्हटलं ना बाप्पा. तेच. तुझं नाव मी सांगितलं होतं." ते थांबले. "उभं राहिलं वाक्य."

पलीकडे कुकरचं झाकण वाजलं, आणि मागून एका जाड, वैतागलेल्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "अरे, ठेव आता तो फोन. भात निवून राहिला."

"आलो रे, तू बस तोवर," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.